कोर्टाच्या तारखांत सांगली सापडत नाही

सांगलीच्या खणभागात माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, बिलबुकं, निवडणुका आल्या की पत्रकं. वय पन्नाशीपुढचं. लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायचं घरच्यांनी आता सोडून दिलंय. माझी एवढी ओळख पुरे, कारण सांगायचं आहे ते दुसऱ्यांच्या आठवणींबद्दल.

गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी मिळून सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांतल्या समलिंगी, तृतीयपंथी, जोगती (यल्लम्मा देवीला सोडलेले, लुगडं नेसणारे) अशा माणसांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या आणि शेवटी त्यांचं एक छोटंसं प्रदर्शन भरवलं. हे कसं जमवलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कोल्हापूरला, सोलापूरला कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

कल्पना पुण्याच्या एका मित्राची. अमेरिकेत १९९४ पासून ऑक्टोबर आणि ब्रिटनमध्ये २००५ पासून फेब्रुवारी हा महिना आपल्या लोकांच्या इतिहासासाठी राखलेला असतो. शाळांतून, वाचनालयांतून कार्यक्रम होतात. तो म्हणाला, सांगलीत करा काहीतरी. मी छापणारा माणूस, मला आधी भिंत दिसते. मी लगेच एक लांबलचक फलक जुळवला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं १८६० चं कलम ३७७. १९९० ला मुंबईत अशोक राव कवींनी सुरू केलेलं ‘बॉम्बे दोस्त’ हे आपल्या लोकांचं नियतकालिक. २ जुलै १९९९ ला कोलकात्यात पावसात निघालेली पंधराएक जणांची प्राइड फेरी. २००९ चा, हे संबंध गुन्हा नाहीत म्हणणारा दिल्ली हायकोर्टाचा निकाल, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. तृतीयपंथी ही ओळख मान्य करणारा २०१४ चा नाल्सा निकाल, समलिंगी संबंध पुन्हा गुन्ह्यातून काढणारा २०१८ चा नवतेज जोहर निकाल, २०१९ चा तृतीयपंथीयांचा कायदा. शेवटी १७ ऑक्टोबर २०२३, त्या दिवशी कोर्टानं लग्नाचा हक्क मान्य करायचं संसदेवर सोडलं. (तेव्हाही माझ्या मशीनवर पत्रिकाच चालू होत्या. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आम्हाला मान वर करायला वेळ नसतो.)

फलक देखणा झाला होता. पण तो नागपूरला लावला असता, नाशकात लावला असता, तरी तसाच चालला असता. त्यात कृष्णेचं पाणी नव्हतं. तेव्हा ठरलं, की तारखा राहू द्यायच्या, पण प्रत्येक तारखेला इथं कोण काय करत होतं ते शोधायचं.

त्या शोधात पहिला सापडला तो पेढेवाला किस्सा. आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ दुकानदार आहेत. कसलं दुकान ते त्यांच्या सांगण्यावरून लिहीत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला तेव्हा ते गल्ल्यावर बसले होते आणि समोरच्या खानावळीत टीव्हीवर बातमी चालू होती. त्यांनी पोराला पाठवून किलोभर पेढे आणवले आणि आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला वाटले. कुणी विचारलं तर, ‘भाच्याला नोकरी लागली.’ हसू या गोष्टीचं येत नाही, पुढच्या गोष्टीचं येतं. भाचा आठवड्यानं सांगलीला आला, तेव्हा निम्मी पेठ त्याचं अभिनंदन करायला लागली. तो बिचारा अजून परीक्षाच देत होता.

२००९ चा निकाल मात्र आम्ही बोललो त्यांतल्या बहुतेकांना त्या वेळी कळलाच नव्हता. कळलं ते २०१३ ला, सगळं परत गेलं तेव्हा. म्हणजे मधली चार वर्षं आपण गुन्हेगार नव्हतो, ही बातमी पुन्हा गुन्हेगार ठरल्यावर मिळाली. आमच्याशी बोललेल्यांत कुणावरही त्या कलमाखाली खटला झालेला नव्हता. पण तो आकडा तोंडपाठ नाही असा एकही पुरुष भेटला नाही. एसटी स्टँडच्या मागं, घाटाच्या पायऱ्यांवर, रात्रीच्या शेवटच्या खेळाला, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून तो आकडा ऐकवायचं आणि मग घड्याळ, अंगठी, खिशातला पगार जायचा. कायदा कोर्टात कमी आणि अंधारात जास्त वापरला गेला. हे एक वाक्य आम्ही फलकावर मोठ्या अक्षरात घेतलं. ते ज्यांचं आहे त्यांना नाव नको होतं.

आता पद्धतीबद्दल. ‘मुलाखत द्याल का’ म्हटलं की माणूस एकतर पळतो, नाहीतर पाठ केलेलं बोलायला लागतो. आपल्या लोकांनी ‘तुम्हाला हे कधी कळलं’ या प्रश्नाचं उत्तर समुपदेशकाला, पत्रकाराला, डॉक्टरला इतक्यांदा दिलेलं असतं की ते गुळगुळीत झालेलं असतं. तो प्रश्न आम्ही टाकूनच दिला. पहिली साडी कुठून आणली, ती कुठं लपवली, नेसायला कुणी शिकवलं, भेटायचं असेल तर निरोप कसा जायचा, कुणाच्या मयताला कुणी खांदा दिला, असलं विचारलं. साडीचा प्रश्न निघाला की फोनची बॅटरी संपायची, बोलणं संपायचं नाही.

संमतीपत्राचं आमच्या धाकट्या सहकारी मुलीनं फार मनावर घेतलं होतं. ती समाजकार्य शिकते. तिनं तीन पानांचा व्यवस्थित फॉर्म करून आणला. मिरजेच्या एका वयस्क हिजडा गुरूंनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. ‘सही करून माझं घर गेलंय एकदा. कागद नको.’ मग संमती आवाजातच घ्यायची असं ठरलं: बोलणं सुरू होण्याआधी एकदा, आणि संपल्यावर, नेमकं काय बोलून गेलो हे माहीत झाल्यावर पुन्हा एकदा. ही दुसरी संमती खरी. सुरुवातीला सगळे ‘घ्या की, मला कुणाची भीती’ म्हणतात. नंतर शांतपणे सांगतात, तेवढं भावाचं काढा, गावाचं नाव काढा, पोरीच्या शाळेचं काढा. छपाईला जायच्या आदल्या दिवसापर्यंत कुणीही आपलं बोलणं मागं घेऊ शकेल, ही अट होती. काहींनी घेतलं. चांगल्या गोष्टी गेल्या. एक तर अशी होती, की ती ऐकून मी रात्रभर जागा होतो. फाइल त्यांच्यासमोर पुसली, दुसरी प्रतही पुसली. वाईट वाटतं, पण हे पाळायचं नसेल तर या कामाला हातच घालू नये.

आठवण आणि पुरावा यांचं काय करायचं, यावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली. त्याच गुरूंनी सांगितलं, की त्यांच्या गुरूच्या गुरूला आसपासच्या गावांत घरटी ठरलेला हक्क होता. सुगीला जोंधळा, लग्नात नारळ आणि लुगडं, आणि तो हक्क ‘राजाच्या कागदाचा’ होता. कागद अर्थात नाही. आता हे लिहायचं कसं? इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी मुंबई इलाख्याच्या दप्तरांवरून १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. मराठ्यांच्या राज्यात हिजड्यांना भिक्षेचे वंशपरंपरागत हक्क, रोख नेमणुका, कुठे कुठे जमिनीही होत्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्यांना मान्यता द्यायचं बंद केलं, हे त्यात येतं. यावरून गुरूंची गोष्ट सिद्ध होत नाही. पण ती हवेतली नाही, एवढं तरी होतं. आम्ही ऐकलेलं पांढऱ्या कागदावर छापलं आणि दप्तरातलं पिवळ्या, आणि दोन्ही शेजारी लावले. आमचे एक मास्तर म्हणाले, ऐकीव गोष्टीला पिवळ्या कागदाच्या इतकीच मोठी जागा कशाला? मी ती मुद्दाम दिली. दप्तर लिहिणाऱ्या कारकुनाला हिजड्यांनी काय सांगितलं असेल, आणि त्यानं त्यातलं काय उतरवून घेतलं असेल, ते कुणाला ठाऊक.

दुसरा वाद बालगंधर्वांचा. ते नागठाण्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हापासून पुढं कितीतरी वर्षं स्त्रीपार्टी नट हीच रीत होती. नारायणराव राजहंसांचा शालू नेसलेला फोटो लावला की गर्दी होणार, हे उघड होतं. धाकटी मंडळी म्हणाली, लावूया, आपलाच आहे. मी अडून बसलो. रंगभूमीवर शालू नेसणं हा त्यांचा व्यवसाय होता, कला होती. त्यांच्या मनातलं आपण का ठरवायचं? गेलेल्या माणसाची संमती कुठून आणणार? शेवटी फोटो लागला, पण तो प्रेक्षकांबद्दल बोलणाऱ्या फलकावर. लुगडं नेसलेल्या पुरुषाला बघायला ज्या गावानं तिकिटं काढली, त्याच गावानं नेसून रस्त्यावर आलेल्याला दगड मारले, असा तो फलक. तमाशातल्या नाच्याचंही तेच. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या केला तर लोकांनी पडद्याबाहेरही त्यांची टवाळी केली.

फोटोंसाठी दारोदार फिरलो. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच: महापुरात गेलं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. माझ्या छापखान्यातही मशीनच्या वरपर्यंत होतं. ज्यांची घरं नदीकडच्या सखल वस्त्यांत, त्यांचे अल्बम सगळ्यात आधी भिजले, आणि आपल्या लोकांना भाड्यानं घर मिळतं ते अशाच वस्त्यांत. काहींचे फोटो तर पुराच्या कितीतरी आधी घरच्यांनीच चुलीत घातलेले. जे वाचले त्यातला सगळ्यात सुंदर फोटो एका स्टुडिओत काढलेला आहे, मागं रंगवलेला ताजमहाल, पुढं चौघी, चौघींचे केस नव्या फॅशनचे. त्यातल्या एकीनं तो लॅमिनेट करून पिठाच्या डब्यात ठेवला होता म्हणून राहिला. तो आम्ही लावला नाही. चौघींपैकी एक पुढं गावी जाऊन पुन्हा पुरुषाच्या वेशात संसार करते आहे. तिला विचारायला जाणं म्हणजेच तिला उघडं पाडणं होतं. धाकटीनं त्या फोटोवरून एक रेखाचित्र काढलं, चेहरे कोरे ठेवून. केसांची फॅशन मात्र जशीच्या तशी आली आहे.

नव्वदच्या दशकाबद्दल सगळे बोलले, आणि सगळे आवाज खाली आणून बोलले. एड्सचे दिवस. १९९२ पासून संग्राम संस्था इथं काम करत होती; गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकाच बायकांना निरोध वाटायच्या, समजावायच्या. त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि पुढं पुरुष आणि तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटना. आज इथला पन्नाशीचा कोती (बायकी वळणाचा समलिंगी पुरुष) आपला पहिला मित्र कुठं भेटला हे सांगतो, तेव्हा बऱ्याचदा अशाच एखाद्या बैठकीची, सतरंजीची, चहाची गोष्ट सांगतो. रोगाच्या भीतीनं का होईना, पण आपल्यासारखे इतके आहेत हे तेव्हा कळलं. हे बोलून तो थांबतो, कारण त्या सतरंजीवरचे किती उरले हे त्याला मोजायचं नसतं.

दोघी बायकांची गोष्ट लिहायला परवानगी आहे, पण तपशील न देता. त्या एका घरात आयुष्यभर राहिल्या, शेजाऱ्यांना मावसबहिणी म्हणून ठाऊक. थोरलीला विचारलं, कुणी कधी संशय नाही घेतला? ती म्हणाली, ‘अहो, दोन बायका राहतात तिथं नवरा नाही एवढंच लोकांना दिसतं. कीव करायचे आमची. दिवाळीला फराळ आणून द्यायचे.’ धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली, ‘आणि चकल्या मऊ असायच्या!’ हे रेकॉर्डिंगमध्ये आहे, काढू नका म्हणाल्या. बायकांच्या गोष्टी आम्हाला फार थोड्या मिळाल्या. पुरुषांना स्टँड होता, घाट होता, थिएटर होतं. बायकांना भेटायला जागाच नव्हती, त्यामुळे एकीला दुसरीचा पत्ता ठाऊक नाही. ही कमतरता प्रदर्शनात तशीच दिसू दिली.

रेकॉर्डिंग उतरवून घेणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. तासभराच्या बोलण्याला अख्खा दिवस जातो. ज्याला बसवलं तो मुलगा मराठीत चांगला, म्हणून तो सुधारत सुटला. ‘मी सातवीत हुतो, तवा जट आली, मग मी लुगडं नेसले’ याचं त्यानं सरळ एकलिंगी प्रमाण मराठी करून टाकलं. सगळं परत मूळ ऐकून पूर्ववत करायला लावलं. तो वैतागला, पण दहाव्या पानानंतर त्यालाही त्या बोलीची चव लागली.

ते वाक्य अक्काचं. मिरज तालुक्यातल्या एका गावची जोगती, सत्तरीच्या आसपासची. तिच्याकडं आम्ही अनेकदा गेलो, कारण ती मंगळवारी-शुक्रवारी जोगव्याला बाहेर आणि मार्गशीर्षात यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीला. तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत थोडं देतो. (केसांत जट आली की देवीचं बोलावणं आलं, असं मानतात.) ‘जट आली तवा आईनं तेल घालघालून कंगवं मोडलं. बा म्हणला, कात्री लाव. कात्री लावली तर बा आजारी पडला. मग घाबरली सगळी. डोंगरावर नेलं, गळ्यात मोती बांधलं. आई रडत हुती, आन् मी आतनं हसतूय. मला लुगडं मिळालं रं!’ एवढं बोलून तिनं चौंडकं घेतलं आणि पुढचं अर्धं गाण्यातच सांगितलं. यल्लम्मा नसती तर ह्या माणसाचं काय झालं असतं, याचा विचार मी परतीच्या एसटीत करत होतो. मी देव-देव करणारा नाही. पोर देवीला सोडण्याची प्रथा मला बरी वाटत नाही, तिच्यात किती मुलींची आयुष्यं गेली हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पण अक्काला तिच्या गावानं जे एक दार उघडं ठेवलं होतं, ते हेच होतं. दोन्ही खरं आहे. फलकावर दोन्ही लिहिलं. अक्काला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, ‘ल्ह्या की. आई काय रागावत न्हाई.’

जागा मिळवताना जे होतं ते झालं. एका सभागृहानं होकार दिला आणि विषय कळल्यावर त्यांचं रंगकाम निघालं. अखेर ओळखीतून एक हॉल मिळाला. बाहेर मोठा फ्लेक्स लावायचा नाही, असं आमचं आम्हीच ठरवलं. येणाऱ्याला दारात कुणी बघू नये म्हणून. आमंत्रणं हातोहात गेली.

सकाळी उघडायच्या वेळेला अक्का डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेऊन हजर. देवीला पूर्वेकडं तोंड करून पाट पाहिजे म्हणाली. पूर्वेकडं तोंड करायचं तर पाट जायचा नेमका माझ्या कोर्टाच्या फलकाखाली. फलक उचलून जिन्याजवळ नेला. मग अक्कानं भंडारा लावला आणि चौंडकं सुरू केलं, आणि ज्या गल्लीत आम्ही गुपचूप कार्यक्रम करणार होतो तिथल्या बायका नारळ, तांदूळ, खण घेऊन आत यायला लागल्या. आमची पळापळ झाली. कुणाचे चेहरे दिसू नयेत म्हणून दोघे-तिघे मागच्या खोलीत गेले. बायकांनी ओटी भरली, पाया पडल्या, आणि मग सहज भिंतीवर काय आहे ते वाचायला लागल्या. एक आजी हेडफोन लावून मावसबहिणींची गोष्ट पूर्ण ऐकत बसल्या. उठताना म्हणाल्या, ‘चांगलं जमलं की दोघींचं.’ दुसऱ्या एक बाई नाच्याच्या फलकापर्यंत आल्या, विषय लक्षात आला तशी मुलाचा हात धरून निघून गेल्या. जाताना देवीला पुन्हा नमस्कार केला. अक्काच्या पाया पडणाऱ्या घरात स्वतःचा मुलगा तसा निघाला तर काय होईल, याबद्दल मला काही भ्रम नाही.

जिन्याजवळचा तारखांचा फलक लोकांनी येता-जाता पाहिला, काहींनी फोनवर फोटो घेतला. त्याच्यापुढं कुणी थांबलं असेल तर तासगावकडचा एक ट्रान्स मुलगा. त्यानं २०१९ च्या कायद्याखाली पोर्टलवर अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळवलंय, आणि ते लॅमिनेट करून पाकिटात बाळगतो. २०१९ वर बोट ठेवून त्यानं सेल्फी काढला. म्हणजे तारखा अगदीच निरुपयोगी नव्हेत. ज्याला त्यांचा कागद मिळाला, त्याच्या त्या झाल्या.

हेडफोनच्या दोन खुर्च्या मात्र दिवसभर रिकाम्या राहिल्या नाहीत. पुढच्या वेळी फलक कमी आणि खुर्च्या जास्त, हे नक्की. कुणी करणार असेल तर हेडफोनवर पैसे घाला, छपाईवर नको. छापखानेवाला सांगतोय.

रेकॉर्डिंगच्या आता दोन प्रती आहेत. एक माझ्याकडं पोटमाळ्यावर, दुसरी मिरजेत उंचावरच्या एका घरात. कोण काय ऐकू शकेल ते प्रत्येक फाइलसोबत त्या-त्या माणसाच्या आवाजातच आहे. मावसबहिणींची मूळ फाइल त्या दोघी असेपर्यंत आमच्याशिवाय कुणाला ऐकवायची नाही. अक्काची कुणालाही ऐकवा, फक्त शुक्रवारी ऐकवली तर आधी उदबत्ती लावा, अशी तिची अट आहे.

जत तालुक्यातल्या जोगत्यांकडं जायचं राहिलंय. तिकडं बोलणं कानडीत चालतं आणि आमच्यात कुणाला ती नीट येत नाही. अक्काच्या ओळखीची एक चेली उमदीकडची आहे, दोन्ही भाषा बोलते. ती म्हणाली, दिवाळी झाली की लगेच या; मार्गशीर्ष लागला की सगळ्या सौंदत्तीच्या वाटेला लागतात, मग कुणी घरी सापडायचं नाही.